संघर्षचा डबा

तळेगाव ढमढेऱ्यात आमच्या शेजारी राहणारा संघर्ष आयटीआय झालेला फिटर. २००४ साली तेवीस वर्षांचा. शिक्रापूरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे सात महिने भरले की त्याला ‘ब्रेक’ मिळे. कायम करावं लागू नये म्हणून घरी बसवत. या वेळचा ब्रेक पावसाळ्यात सुरू झाला तो दिवाळी उलटली तरी संपेना. तरीही त्याची आई सोजरबाई रोज सकाळी डबा बांधून देई, गल्लीनं पाहावं म्हणून. संघर्ष जीपनं शिक्रापूरला जाई, फाटकाशी ताटकळे आणि बाभळीखाली डबा खाऊन परते.

त्या दिवाळीनंतर बेकारीची सरकारी पाहणी करायला तेजश्री नावाची मुलगी आली. माझ्या घरची माहिती लिहून झाल्यावर मी तिला सोजरबाईंकडे नेलं. संघर्षचे वडील ज्ञानदेव ग्रामपंचायतीचा पंप चालवत. कायम नोकरी, त्यामुळे त्यांचं लगेच लिहून झालं.

“आणि मुलगा?”

“कामाला हाय की! डबा घिऊन गेलाय.”

“अहो, खरं सांगा,” मी म्हटलं.

“मावशी, तुमचं काय जातंय? रविवारी वरवंडचं पाव्हणं यायचंय पोराला बघाया.”

तेवढ्यात संघर्षच दारात आला. सगळं ऐकलं होतं त्यानं. “ताई, मला बेकार लिवा. निदान कुठंतरी खरं लागू द्या.”

तेजश्रीनं विचारलं, “गेल्या सात दिवसांत तासभरही काम केलं नाही, दादा?”

“बाजारादिवशी कांद्याच्या गोण्या उतरवल्या. दोनेक तास.”

“मग त्या आठवड्यात तुम्ही कामावर होतात. एक तास पुरतो. नियमच तसा आहे.”

“आन् वरीसभराचं?”

वर्षाचं पाहिलं तर ठेकेदाराकडचे सात महिने निघाले, म्हणजे निम्म्याहून जास्त. तिथंही तो कामावरच.

“बघ!” सोजरबाई म्हणाल्या. “मी काय येगळं सांगत हुते?”

तरुणांतली बेकारी मोठ्यांच्या कितीतरी पट आहे, असं मी वर्तमानपत्रात वाचत आले आहे. हल्ली ते वाचून अंगाचा तिळपापड होतो. एवढा मोठा आकडा, आणि त्यातही आमच्या संघर्षला जागा नाही.

रविवारी पाहुणे आले. जयभीम झाला, पोहे झाले. मुलीच्या मामांनी विचारलं, “पोरगा पर्मनंट हाय का?”

“कामाला हाय,” सोजरबाई म्हणाल्या.

“ते झालं. पर्मनंट?”

सोजरबाई पोह्यांच्या बशा गोळा करू लागल्या. मामा ज्ञानदेवांकडे वळले. “तुमच्या नोकरीची किती वर्सं ऱ्हायली?”

“सात.”

“मंग तुमचं बरंय!” मामा हसले, “कळवतो” म्हणाले आणि चपला घालू लागले.

सोमवारी सकाळी संघर्ष रिकाम्या हातानं निघाला. सोजरबाई डबा घेऊन उंबऱ्यापर्यंत धावल्या. “आरं, डबा!”

“काम लागल्यावर दे,” तो म्हणाला. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.