सागरगोटे मला कुणी शिकवले

घरात नाही, शाळेत नाही, देवापुढे हात जोडताना मनातल्या मनातसुद्धा नाही — हे मी आजवर कुठेच कबूल केलेलं नाही. नवऱ्याला वाटतं, मी त्याच्यापासून काही लपवत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. की ओळखीच्या माणसाला सांगायची छाती नाही म्हणून? तेच खरं असावं.

मी बुऱ्हाणपुरात शिक्षिका आहे. लहानपण इथल्याच शनवारा मोहल्ल्यात गेलं. गल्लीतल्या मुली ओट्यावर सागरगोटे खेळायच्या आणि मी खिडकीतून बघत बसायचे. आई स्वतः मास्तरीण. रिकामटेकड्या पोरींचा खेळ, म्हणायची. एकदा माझ्या दप्तरात पाच खडे सापडले, तर तिने ते गटारात टाकले आणि मला पाढे म्हणायला बसवलं. पुन्हा मी त्या खेळाचं नाव काढलं नाही.

सात वर्षांपूर्वी शाळेत टूम निघाली — शनिवारी दप्तर नाही, मुलांना जुने खेळ शिकवायचे आणि महिन्याभराने पाहुण्यांसमोर करून दाखवायचे. मुख्याध्यापकांनी विचारलं, सागरगोटे कुणाला येतात? माझा हात वर. का? माहीत नाही. — आहे माहीत. बाकीच्या सगळ्या गप्प होत्या आणि मला पुढे पुढे करायची खोड आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आता शिकणार कुणाकडे? शाळेत झाडलोट करायला, पाणी भरायला सुमनमावशी होत्या. त्यांना येत असणार, असं उगीच वाटलं. विचारलं, तर त्या तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी तापीच्या घाटावरून पाच गुळगुळीत खडे वेचून आणले. (तेव्हा मी त्यांना अगंतुगं करायचे. आज 'त्या' लिहिते आहे. त्याने काय फरक पडतो?)

रोज मधल्या सुट्टीत, स्वयंपाकाच्या खोलीमागे, कुणी बघणार नाही अशा जागी आम्ही बसायचो. ती जागा मी निवडली होती. एक खडा वर उडवायचा, तो खाली येईतो जमिनीवरचा एक उचलायचा, मग दोन-दोन, मग तीन, मग चारही एकदम. शेवटी पाचही उडवून पालथ्या हातावर झेलायचे. माझे खडे सगळीकडे पळायचे. गुडघे दुखायचे, मी चिडायचे. मावशी एकदाही चिडल्या नाहीत. "खालच्याले नका पाहू, मॅडम. वरच्याले पाहा. खालचा कुठी जात नाई," म्हणायच्या.

तीन आठवड्यांत मला खेळ आला. आणि एक दिवस मावशी खेळता खेळता थांबून पोट धरून हसायला लागल्या. "तुमचं बोट तं चांगलं हाय ना? ते काहून मोडता?" मी हाताकडे पाहिलं. अंगठ्याजवळचं बोट मी तळव्यात दुमडलं होतं. मावशींचं तेच बोट तरुणपणी कापड विणायच्या लूममध्ये सापडलं होतं, ते सरळ व्हायचंच नाही. मला वाटलं होतं, खेळायची हीच रीत. त्यांचं अधूपण मी कसब समजून गिरवलं होतं. मग बोट सरळ ठेवून बघितलं, पण खडे निसटायला लागले. हाताला तेच वळण लागलं होतं. त्या दिवशी आम्ही दोघी किती हसलो! शाळेत मी इतकी मोकळी कुणाजवळच हसलेली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी माझा एकही खडा पडला नाही. पाचही पालथ्या हातावर. टाळ्या पडल्या. पाहुण्या बाई कौतुकाने जवळ आल्या, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "हे बोट दुमडायची पद्धत मी कुठेच पाहिली नाही. कुणाकडून शिकलात?"

मावशी चार हातांवर उभ्या होत्या, पाण्याचा ट्रे घेऊन.

मी म्हणाले, "माझ्या आईकडून. आमच्या घरातली रीत आहे ही."

किती सहज आलं तोंडात! चपराशी बाईने शिकवलं म्हणायला लाज वाटली — बाकी काही नाही. आई तोवर वारली होती, म्हणून तिचं नाव घ्यायला सोपं गेलं. ज्या बाईने माझे खडे गटारात टाकले, तिच्या पदरात मी मावशींचं कसब घातलं. आणि मावशी पुढे आल्या, पाण्याचा ग्लास माझ्यासमोर धरला. मी घेतला. प्यायलेही.

पुढे मला आणखी दोन शाळांनी शिकवायला बोलावलं. मावशी स्वयंपाकाच्या खोलीमागे पुन्हा आल्या नाहीत आणि मीही बोलावलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. खरं सांगायला वेळ नव्हता का? रोज माझ्या टेबलावर चहा मावशीच ठेवत होत्या. त्या माउलीकडे आपलं म्हणून मिरवावं असं तेवढंच एक होतं, आणि ते मी भरल्या सभागृहात काढून घेतलं. याचं मला फार वाईट वाटतं. वाटतं, पण मी काहीच केलं नाही.

पण इथवर मी तुम्हाला निम्मंच सांगितलं आहे.

मागच्या वर्षी मावशींनी काम सोडलं. त्यांची नात, दीपाली, पाचवीत माझ्याच वर्गात आली. एका शनिवारी सगळ्या मुली खेळत होत्या, मी शिकवलंय तशी बोटं दुमडून. दीपाली सगळ्यांत सरस. मी विचारलं, "तुला इतकं छान कुणी शिकवलं गं?"

"आजीने," ती म्हणाली. "आणि आजीला तुम्ही सीखवलं ना, मॅडम? आजी म्हणते, मॅडमच्या आईची रीत आहे ती. तिचं बोट पहलेच वाकडं होतं, म्हणून तिला लवकर जमलं."

सगळ्या मुली खेळ थांबवून माझ्याकडे बघत होत्या. दीपालीही बघत होती, अगदी अभिमानाने.

मी म्हणाले, "हो."