क्षेमकुशल एकदाच लिहायचं

हट्टा गावच्या बालवाडीच्या पद्माबाई सातवी शिकलेल्या. गावात किंवा पलीकडच्या तांड्यावर कुणाचंही पत्र आलं की वाचायला त्यांच्याकडं यायचं. बहात्तरच्या दुष्काळात माणसं कामासाठी चहूकडं पांगली आणि पत्रं वाढली. वाचून झालं की लोक म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या बाई तुमच्यापाशीच. आमच्या छपरात उंदरं लई." मग पद्माबाई ज्याच्या त्याच्या नावाच्या तारेत ते टोचून ठेवायच्या. तीन वर्षांत भिंतीवर एकोणतीस तारा लोंबायला लागल्या. वारं आलं की सगळ्या मिळून सळसळायच्या. पद्माबाईंना वाटायचं, सगळा मुलूख आपल्या घरात हळूच कुशीवर वळतोय.

पंचाहत्तरच्या भादव्यात तांड्यावरच्या जमनाबाई आल्या. त्यांचा एकुलता एक रतनसिंग फौजेत.

"त्यानं पहिल्यांदा बर्फ पाह्यलं ते पत्र वाचा ना बाई. लई दिस झाले ऐकून."

पद्माबाईंनी तार काढली, तर ती हाताला हलकी लागली. वरचं कार्ड धड होतं. आतल्या सगळ्या पत्रांची माती झाली होती.

"वाळवी लागली जमनाबाई. भिंतीला टेकून ठेवली, माझंच चुकलं."

तो भुगा जमनाबाईंनी ओढणीच्या टोकात बांधला आणि निघून गेल्या. पद्माबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकीच्या तारा भिंतीपासून सोडवून आढ्याला टांगल्या आणि दोनशे पानी वही आणली. लेकरं घरी गेली की दुपारी उंबऱ्याजवळ बसून त्या एकेक पत्र उतरवू लागल्या. आठ दिवसांत चौदा झाली. तेवढ्यात नवी पाच आली. वाटीनं विहीर उपसल्यासारखं चाललं होतं.

त्यांचा नवरा पुंजाजी वसमतला हळदीच्या आडतीत कामाला होता. एसटीनं घरी आला की हात कोपरापर्यंत पिवळे. तो थोडा वेळ बघत बसला.

"काहून समदंच लिहून राहिलीस? ओल्या हळदीची पाच पोती वाळवली की एक होतं. रंग जातो का कुठं?"

पद्माबाई हसल्या. पण मग त्यांनी एकाच माणसाची सहा कार्डं शेजारीशेजारी मांडली. शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, तुमची खुशाली कळवावी, लहानथोरांस आशीर्वाद. सहाही कार्डांवर तेच, त्याच क्रमानं. नवं होतं ते मधल्या चार ओळींत.

तेव्हापासून ज्याच्या त्याच्या पहिल्या पानावर क्षेमकुशल एकदाच लिहायचं ठरलं. पुढं फक्त तारीख, गाव आणि नवी खबर. पुंजाजीनं वसमतहून कार्बन आणला, म्हणजे एका लिहिण्यात दोन प्रती. एक घरी ठेवायची आणि दुसरी दुसऱ्या छपराखाली, कारण एका भिंतीचा भरवसा त्यांना उरला नव्हता. जुनं संपल्यावर दर शनिवारी त्या आठवड्याची तेवढी पत्रं उतरवली की झालं.

लिहिता लिहिता दुपार पातळ होत जायची. पद्माबाई वसमतच्या पुढं कधी गेल्या नव्हत्या. पण भिवंडीचे माग त्यांच्या कानात खडखडायचे, कुठल्याशा साखर कारखान्याची मळी नाकात यायची, बाहेर हळदीची पानं हलायची आणि त्यांत समुद्र दिसायचा. बोटं निळी झाली की त्या भानावर यायच्या.

दिवाळीआधी त्या स्वतः तांड्यावर गेल्या.

"जमनाबाई, पत्रं गेली. पण तुमी ती कितीदा ऐकली. आठवतंय का काही?"

जमनाबाईंनी डोळे मिटले आणि बोलायला लागल्या. लेकाच्याच ढंगात, थांबत थांबत. अकरा पत्रं त्यांना ओळीनं पाठ होती! पद्माबाई भराभर लिहीत गेल्या. बर्फाचं पत्र आलं.

"'याडी, माय माझे, इथं आभाळातून कापूस पडून राहिला. हाती घेतला की पाणी होतो. तू वेचायला असतीस तर तुझी ओंजळ म्या धरून ठेवली असती.'"

पद्माबाईंचा हात थांबला. कापूस आणि पाणी त्यांना आठवत होतं. ओंजळीचं त्या पत्रात नव्हतंच. त्यांनी जमनाबाईंकडं पाहिलं. त्या डोळे मिटून कुठंतरी लांब बर्फात उभ्या होत्या. पद्माबाईंनी ते वाक्य लिहिलं. निघताना कार्बनची प्रत जमनाबाईंच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. तेव्हापासून सगळ्यांचीच दुसरी प्रत त्या पेटीत जाऊ लागली.

पुढच्या उन्हाळ्यात रतनसिंग सुट्टीवर आला आणि पेटीतली पानं घेऊन बालवाडीत उभा राहिला.

"मावशी, हे ओंजळीचं मी कवा लिवलं?"

"तुमच्या आईनं सांगितलं, मी लिहिलं. चुकलं असलं तर खोडते."

तो पुन्हा वाचत राहिला, ओठ हलवत.

"न्हाई, ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मलाबी ह्याची एक प्रत करून द्या. संग नेतो."

पद्माबाईंनी पोरांना पाटीवर बेडूक काढायला सांगितला आणि वही उघडली. यावेळी मात्र त्यांनी वरचा नमस्कार आणि सर्व क्षेमसुद्धा पूर्ण लिहिलं, कारण हा कागद एकटाच लांब जाणार होता. रतनसिंग शेजारी मांडी घालून बसला, त्यांच्या ओल्या शाईवर फुंकर घालत.