व्हर्लिनने निवडलेली लिफ्ट

व्हर्लिन होकमन एखाद्या गाडीला "आता पुरे" म्हणाला, की हार्मन्स फोर्ड गावात ती गाडी भंगारातच जायची. चौतीस वर्षं त्याने शोरूमच्या मागच्या वर्कशॉपमध्ये काढली होती, आणि निवृत्त झाल्यावर तर त्याच्या शब्दाला जास्तच वजन आलं. उत्तर ओहायोत हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ गाड्यांची पोटं पोखरतं. त्यामुळे गाडीच्या पोटाखाली शिरून खरं सांगणारा माणूस गावाला डॉक्टरइतकाच लागतो. व्हर्लिन खरं सांगायचा. निदान तोवर तरी सांगत होता.

गावच्या ल्यूथरन चर्चची एक रीत होती. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, थंडी पडायच्या आत, विधवांच्या आणि एकट्या बायकांच्या गाड्या फुकट दुरुस्त करून द्यायच्या. ऑइल, ब्रेक, टायर, जे लागेल ते. हे सगळं व्हर्लिनच्या घरच्या गॅरेजात चालायचं. वीस वर्षं तो पुठ्ठा पसरून गार फरशीवर आडवा होत आला होता. गेल्या वर्षी मात्र पाठ अशी धरली, की तिघांनी मिळून त्याला पाय धरून बाहेर ओढलं. बायका हातात पाय घेऊन उभ्या होत्या, म्हणजे आभार म्हणून आणलेले खायचे पाय, आत सफरचंद भरून भाजलेले. हसावं की रडावं कुणाला कळेना.

त्यावर चर्चच्या पुरुषमंडळाने ठरवलं, की निधीसाठी ठेवलेल्या पॅनकेकच्या न्याहारीतून जमलेल्या पैशांची एक गाडी उचलणारी, हलवता येणारी लिफ्ट घ्यायची. घरच्या गॅरेजात वर्कशॉपसारखे लिफ्टचे खांब रोवायची सोय नसते. ही लिफ्ट म्हणजे दोन लांब लोखंडी चौकटी. गाडीखाली दोन बाजूंना सरकवायच्या, बटण दाबायचं, गाडी कमरेइतकी वर. काम संपलं की भिंतीला टेकवून ठेवायच्या.

"निवड तू कर," मंडळाचा प्रमुख मर्ल ड्रेशर म्हणाला. "आम्हाला काय कळतंय त्यातलं? आम्हाला न्याहारी कळते."

व्हर्लिनने माहितीपत्रकं मागवली. कुठली किती वजन पेलते, कुठली अर्ध्यावर पक्की अडकून राहते, कुठलीचं तेल गळतं, सगळं त्याने पेन्सिलीने टिपलं. शेवटी एकाच लिफ्टवर येऊन थांबला. ती दोन लांबींत मिळत होती, आखूड आणि लांब. चौकटीच्या दोन टोकांना रबरी ठोकळे बसतात आणि ते गाडीच्या नेमक्या उचलायच्या जागांखालीच यावे लागतात. नाहीतर पत्रा चेपतो, गाडी कलंडते. लहान गाड्यांत त्या जागा जवळजवळ असतात. तिसऱ्या पानावरच्या तक्त्यात हे स्वच्छ छापलं होतं.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. व्हर्लिनच्या गॅरेजात त्याच्या वडिलांचा लांबलचक पिकअप ट्रक सहा वर्षं चादरीखाली उभा होता. गिअरबॉक्स उतरवायचा राहिला होता, आणि फरशीवर आडवं पडून तो आता उतरणार नव्हता. रविवारी चर्चहून आल्यावर व्हर्लिनने गॅरेजचं दार ओढून घेतलं, टेप काढली आणि ट्रक मोजला. दुसरी एकही गाडी मोजली नाही. आखूड लिफ्टवर ट्रक बसत नव्हता, लांब लिफ्टवर नेमका बसत होता.

बैठकीत तो म्हणाला, "लांब घ्या. मोठ्यावर लहान मावतं, लहानावर मोठं मावत नाही."

ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटलं, की चर्चच्या पास्टर गेलने ते वहीत उतरवून घेतलं. सगळ्यांनी हात वर केले. व्हर्लिनने तिसरं पान घडी घालून खिशात ठेवलं होतं. आपल्या पोळीवर तूप ओढून घेताना ताट सगळ्यांचं आहे म्हणायचं, ही कला त्याला या वयात साधली.

सप्टेंबरात लिफ्ट आली. पहिला वर गेला तो बापाचा ट्रक. व्हर्लिन त्याच्याखाली स्टुलावर बसून काम करत होता, पाठ मुळीच दुखत नव्हती, आणि बायको कॉफी घेऊन आली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. आर्डिसने ट्रककडे पाहिलं, लिफ्टकडे पाहिलं, कप ठेवला आणि आत गेली.

ऑक्टोबरच्या त्या शनिवारी पहिली गाडी ट्रुडी सेलर्सची आली. ट्रुडी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. नवरा मार्विन दोन वर्षांपूर्वी गेला होता. जाण्याआधी त्याने तिच्यासाठी ही छोटी लाल गाडी हौसेने निवडली होती. ब्रेक दाबला की ती आता किंचाळत होती.

व्हर्लिनने चौकटी सरकवल्या. पुढचे ठोकळे जागेवर आले की मागचे चाकाखाली जायचे. मागचे जुळवले की पुढचे बंपरखाली. त्याने तीनदा मागेपुढे केलं. आठ पुरुष आणि अकरा बायका बघत होत्या.

त्याचा जुना जॅक भिंतीशीच होता. चार हातांवर. तो ओढून आणला असता, गाडी एकेका चाकाने उचलली असती, तर तासाभरात ब्रेक झाले असते. पण नव्याकोऱ्या लिफ्टशेजारी जुना जॅक ओढून आणायचा म्हणजे अकरा बायकांसमोर कबुली द्यायची. व्हर्लिन जागचा हलला नाही.

"काय झालं, व्हर्लिन? माझ्या गाडीचं काही चुकतंय का?" ट्रुडीने विचारलं.

"गाडीच आखूड आहे," तो म्हणाला. "अशा गाड्या लिफ्टवर बसत नाहीत. धड बनवलेल्याच नसतात."

"अगंबाई." ट्रुडीचा चेहरा उतरला. "मी मार्विनला म्हणत होते, जरा मोठी बघ. माफ करा हं, तुमचा उगाच खोळंबा केला."

ती माफी व्हर्लिनने ऐकून घेतली. वर "असू दे, असू दे" असंही म्हणाला. त्या दिवशी नऊ गाड्या आल्या, पाच तशाच परत गेल्या. त्या पाचांतली प्रत्येक बाई जाताना आपला पाय मात्र ठेवून गेली. संध्याकाळी ओट्यावर पाच पाय मांडलेले पाहून व्हर्लिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवारी आर्डिस भांडी पुसता पुसता म्हणाली, "ट्रुडीने गाडीच्या काचेवर 'विकणे आहे' लावलंय. तू म्हणालास ना धड नाही म्हणून."

व्हर्लिन उठला तो थेट मर्लकडे गेला. मर्ल अंगणात पानं ओढत होता.

"मर्ल, मी ती लिफ्ट माझ्या ट्रकसाठी घेतली. मला ठाऊक होतं, लहान गाड्या बसणार नाहीत."

मर्लने दाताळं थांबवलं नाही. "आम्हालाही ठाऊक होतं."

"काय?"

"माहितीपत्रक तुला एकट्यालाच वाचता येतं होय रे? म्हटलं, वीस वर्षं हा गडी आपल्या फरशीवर लोळलाय. घेऊ दे त्याला त्याच्या मनासारखं."

शिव्या घातल्या असत्या तर व्हर्लिनला बरं वाटलं असतं. "आणि बायकांच्या गाड्या?"

आता मात्र दाताळं थांबलं. "त्यांचा विचार कुणीच केला नाही," मर्ल म्हणाला आणि बुटाकडे बघत राहिला.

व्हर्लिन ट्रुडीच्या घरी पोचला. जुना जॅक त्याने गाडीत टाकून आणला होता. घरासमोरची जागा रिकामी होती. फक्त तेलाचा एक डाग होता.

ट्रुडीने हसून दार उघडलं. "या ना! सकाळीच गेली बघा. तुम्ही सांगितलंत ते मी घेणाऱ्याला आधीच सांगून टाकलं, की बाबा, ही लिफ्टवर बसत नाही, धड बनवलेली नाही. त्याने भाव पाडला, पण खोटं बोलून मला विकायची नव्हती. तुम्ही वेळेवर खरं सांगितलंत म्हणून बरं."

व्हर्लिनने टोपी काढली आणि उंबऱ्यावर उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ट्रक, टेप, खिशातलं तिसरं पान, भिंतीशी उभा जॅक. काहीही वगळलं नाही. "गाडीत काही खोट नव्हती, ट्रुडी. चांगली गाडी होती. मार्विनने नीट बघून घेतली होती."

ट्रुडी रिकाम्या जागेकडे बघत दाराला धरून उभी राहिली.

"चार दिवस," ती शेवटी हळूच म्हणाली, "चार दिवस मी त्याच्या फोटोसमोर उभी राहून त्याला बोलत होते, की तुला एक गाडीसुद्धा धड निवडता आली नाही."