आईने कौल दिला नाही

गळ्यात माळ घातल्यापासून मी डासही मारत नव्हतो. बायको म्हणायची, "आपल्या घरातलं डास पन बाळसं धरतात." मी हसून सोडून द्यायचो. कुणाचाही जीव घ्यायचा नाही, एवढं पाळलं की देव आपला, अशी माझी साधी समजूत होती.

त्या श्रावणात आमची म्हैस अडली. कशेडी घाटाच्या पायथ्याशी आमची वाडी, आणि सगळं घर तिच्या दुधावर चालायचं. सकाळपासून ती कळा देत होती, रेडकू काही सुटत नव्हतं. पोलादपूरचे गुरांचे डॉक्टर रजेवर होते. मी रडकुंडीला आलो होतो. तेवढ्यात घाटात दरड कोसळली, गाड्या आमच्या फाट्यावर अडकल्या आणि एक गृहस्थ पाणी मागायला दारात आले. ते निघाले गुरांचे डॉक्टर, खेडला चाललेले! सगळे त्या दरडीला शिव्या घालत होते. मी मात्र आजही तिचे उपकार मानतो.

त्यांनी बराच वेळ हात घालून पाहिलं. मग म्हणाले, "रेडकाची मान मागे वळलीय, सरळ होत नाही. जिवंत आहे, पण म्हशीचं पोट उघडायची सोय इथे नाही, रेडकूच आतल्या आत कापून काढावं लागेल. नाहीतर दोन्ही जातील. तुम्ही हो म्हणालात तरच करतो."

उजेडही न पाहिलेला जीव, आणि त्याला मारा म्हणायचं मी? मी तसाच देवळात धावलो. आमच्याकडे विहीर खोदायची असो की सोयरीक जमवायची, आधी ग्रामदेवीचा कौल घेतात. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं लावली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मी हात जोडून उभा राहिलो. एकही फूल हललं नाही. पुन्हा गाऱ्हाणं घातलं, तरी काही नाही.

"आई कौल देत नाय रे," गुरव हळूच म्हणाला.

मागोमाग बायको धापा टाकत आली. "म्हस डोलं फिरवाया लागली, आन तुमी हितं फुलं बघत ऱ्हायलाव?"

मला देवीचा राग आला. हो, रागच आला. आणि त्या रागातच उमगलं, की मला नुसता तिचा हुकूम हवा होता, म्हणजे पाप तिच्या माथी गेलं असतं. मी म्हटलं, "आई, हा जीव मीच घेतो. पुढं माझं काय करायचं ते तू बघ."

डॉक्टरांना हो म्हटलं आणि म्हशीचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. नजर फिरवली नाही. रेडकू गेलं. म्हैस निपचित पडली होती. डॉक्टर तिला सलाईन लावून बसून राहिले. दिवस कलताना तिने पाय रोवले, धडपडली, पुन्हा रोवले आणि उभी राहिली! सगळ्या वाडीने आरोळी ठोकली. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही.

जीव घेणं बरोबर असतं का, असं कुणी विचारलं तर मी आजही चटकन हो म्हणणार नाही. त्या रेडकासाठी अजून जीव तुटतो. पण शरण जाणं म्हणजे आपलं ओझं देवावर ढकलणं नव्हे, एवढं मला कळलं. आपण ते उचलायचं आणि मग त्याच्या पायाशी जायचं.

म्हशीने पान्हाही सोडला. बायकोने चिकाचा खरवस केला आणि देवीसाठी पहिली वाटी माझ्या हातात दिली.

"हा नैवेद्य आईला चालेल का गो?" मी चाचरत विचारलं.

"पुन्यांदा इचाराया जाव नका," ती म्हणाली. "तिच्यामुलंच म्हस वाचलीय. न्या नि ठेवा."

मी ठेवला, आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून मनसोक्त रडलो.