नेलिदाच्या स्वयंपाकघरातले खडक

नेलिदा ओयार्सूनच्या जिभेला हाड नाही, हे कोमोदोरो रिवादाव्हिया या तेलाच्या गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. पाववाल्यापासून पाद्र्यापर्यंत तिने कुणाला सोडलं नव्हतं. तेल कंपनीत मात्र तिच्या नोकरीला धक्का लागत नसे. तिच्या हाताखाली आलेला प्रत्येक माणूस महिन्याभरात रडत पळाला होता, त्यामुळे तिचं काम येणारं दुसरं कुणी ऑफिसात उरलंच नव्हतं.

काम म्हणजे खडक बघायचे. जमिनीखालचे थर तिच्या पडद्यावर रंगीत ठोकळ्यासारखे उभे राहायचे. माऊसने ते फिरवायचे, खडक जिथे तुटलाय तिथे रेघ मारायची. त्या रेघा बघून विहीर कुठे खणायची ते ठरायचं. हे तिला मनापासून आवडायचं. आवडायचा नाही तो इराओला, तिचा साहेब. हा माणूस गोड पाव खातखात तिच्या खुर्चीमागे उभा राहायचा आणि तेच तुपकट बोट पडद्यावर टेकवून म्हणायचा, "बाईसाहेब, इथे काही दिसतंय का?" तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा तिने त्याला सगळ्यांदेखत फडकं दिलं आणि पुसायला लावलं. त्याने पुसलं, पण तो ते विसरला नाही.

शेवटी तिने हट्ट धरला की मी घरूनच काम करणार. इराओलाने इतक्या सहज होकार दिला की दुसऱ्या कुणाला शंका आली असती. नेलिदाला वाटलं, भ्याला.

तिच्या स्वयंपाकघरात पडदा आला, पण ते प्रचंड थर हलवायची ताकद ऑफिसातल्या मोठ्या मशीनमध्येच होती. चित्र तिथे तयार व्हायचं आणि तारेतून हिच्या घरी यायचं. हिने माऊस हलवला की ती हालचाल तिकडे जायची, तिकडे खडक वळायचे, आणि वळलेले खडक मग इकडे दिसायचे. या जाण्यायेण्यात सगळा घोटाळा. हात पुढे, खडक मागे. रेघ मारावी तर तोवर थर सरकलेला. जरा जोरात फिरवलं की पडद्यावर नुसते रंगीत चौकोन. ती येर्बाचा कडू काढा नळीने ओढत बसायची आणि पडद्याला शिव्या द्यायची.

मग ती एमरिस प्यूच्या खनपटीला बसली. नेटवर्क सांभाळणारा हा वेल्श वंशाचा लांबट माणूस तिच्याशी अजून बोलत होता, तेवढीच त्याची चूक. ती रोज त्याला पत्र लिहायची आणि त्याची प्रत थेट संचालकांना पाठवायची. आळशी, नालायक, फुकटखाऊ, सगळं लिहून झालं. एक दिवस तो तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"नेली, हे असंच रडतखडत चालू दे," तो म्हणाला. "ज्या दिवशी तुझ्या घरून नीट चालेल ना, त्या दिवशी ते कुणाच्याही घरून चालेल."

"काम करायचं नसलं की तुला बरं शहाणपण सुचतं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

एमरिसने मग काम केलं, आणि चोख केलं. चित्र आवळून कसं पाठवायचं, हात थांबला की ते लख्ख कसं करायचं, सगळं बसवलं. खडक तिच्या बोटाबरोबर वळायला लागले. नेलिदाने त्याचे आभार मानले नाहीत. उशीर का केलास, एवढंच विचारलं.

पुढच्याच आठवड्यात इराओलाने फोन केला. संचालकांना तिच्या घरून चाललेलं काम बघायचं होतं. नेलिदाने केस विंचरले, लिपस्टिक लावली आणि कॅमेऱ्यातून बघणाऱ्या सगळ्यांसमोर ते थर असे झरझर फिरवले की पलीकडून वाहवा झाली. माझ्यामुळे झालं हे, असं तिने दोनदा ऐकवलं. ते खरंच होतं.

तेवढ्यात तिचा हात स्थिर असताना खडक वळले. माऊसचा बाण आपोआप सरकला आणि तुटलेल्या थरावर जाऊन थांबला.

"कोण आहे ते? माऊस सोड," नेलिदा म्हणाली.

"नमस्कार बाई, मी योव्हाना, लिमाहून," एका बाईचा आवाज आला. मागे कुत्रं भुंकत होतं. तीही बहुतेक स्वयंपाकघरातच बसली होती.

नेलिदाने आपला माऊस हलवला. काही झालं नाही. तिने तो टेबलावर आपटला.

"राहू द्या तिच्याकडे," इराओला म्हणाला. "शिकतेय ती."

"काय शिकतेय?"

"तुमचं काम, बाईसाहेब. तिथून ती तुम्हाला घाबरायची नाही."

योव्हानाने रेघ मारायला सुरुवात केली. आता तरी हे अडावं, चौकोन चौकोन व्हावेत, म्हणून नेलिदा डोळे फाडून पडद्याकडे बघत राहिली. चित्र एकदाही अडखळलं नाही.