येळवशीचं कुलूप

बिदरला आमच्या भागात कॉलेजं इतकी झाली आहेत की सकाळी दूधवाल्यालाही पोरींच्या स्कुट्यांमधून वाट काढावी लागते. आमचे मालक कॉलेजात शिपाई होते. त्या काळी इथं ज्वारीची रानं होती आणि त्यांतच नोकरदारांसाठी प्लॉट पाडले होते. आम्ही जनवाड्याकडून येऊन दोन खोल्या बांधल्या. आता प्रत्येक घरावर मजला चढला आहे, मजल्यावर मुलं भाड्यानं राहतात आणि फाटकावर पाट्या लटकतात. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले, त्या कन्नड पाट्या मला वाचता येत नाहीत. पाटी काढली की खोली भरली, एवढं कळतं.

मुलं तीन-चार वर्षं राहतात. चेहरा ओळखीचा होतो तोवर त्यांचं सामान टेम्पोत चढलेलं असतं. मालक वारले. मुलगा पुण्याला आहे. रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो. मी व्हय म्हणते. फोन संपतो.

गल्लीतली जुनी माणसं मला शेतवाल्या अक्का म्हणायची. जनवाड्याच्या वाटेवर आमचं रान होतं. हुरडा, ओला हरभरा, तुरीच्या शेंगा मी पोत्यानं आणायची आणि घरोघर द्यायची. थंडी पडली की फाटकावरून विचारणा सुरू व्हायची, "अक्का, हुरडा कधी?" गल्लीतलं माझं बोलणं बहुतेक एवढंच असायचं, पण ते असायचं.

आणि येळवस. पौषाच्या तोंडावरच्या अवसेला आमच्याकडं कुणी घरी जेवत नाही. रानात कडब्याची खोप करायची, पाच दगडांना चुना लावून पुजायचं आणि तिथंच मातीवर बसून भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील खायची. मालक होते तेव्हा अख्खी गल्ली आमच्या रानात यायची, ते गेल्यावर लोक आपापल्या पाहुण्यांच्या रानात जाऊ लागले. ज्याला शेत नाही त्याला बोलवायचं, हा नियम. पण जिला स्वतःचं शेत आहे तिला कुणी बोलवत नाही. तिला बोलावणं म्हणजे तुझ्या रानात काही राहिलं नाही असं म्हणण्यासारखं.

मालक गेल्यावर मुलानं आणि दिरानं रान विकलं. त्यांची चूक म्हणत नाही. करणार कोण होतं? मीही सही केली. अंगठा नाही, सही. गल्लीत मात्र सांगितलं नाही, हुरडा बाजारातून आणून वाटत राहिले. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला म्हणत होते. पण विकलं का, असं कोण विचारतं?

विकल्यानंतरच्या पहिल्या येळवशीला मी टोपली भरली आणि बस धरून गेले. रानात नंबर टाकलेले दगड रोवले होते. कुणाच्या तरी प्लॉटात बसून पूजा काय करायची? मी रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसले. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाही जेवायला हाक मारायची रीत आहे. पलीकडच्या रानातून हाका आल्या, "ओ मावशी, या की जेवायला." मी हात हलवून नको म्हटलं. बसले असते तर तुमचं रान कुठं, हे विचारलं असतं. दोन उंडे खाऊन परत आले.

पुढच्या वर्षापासून गेले नाही. सकाळी टोपली डोक्यावर घेऊन चार जणांना दिसेल अशी बाहेर पडायची, समोरच्या दाराला कुलूप घालायची, कोपऱ्यापर्यंत जायची आणि मागच्या बोळातून परसदारानं घरात यायची. दिवसभर टीव्ही नाही, नळ सोडायचा नाही, खोकला आला तर तोंडात पदर. गल्ली रिकामी असायची, भाड्याची मुलंही कुणाकुणाच्या गाडीत बसून गेलेली. खरं तर खोकले असते तरी ऐकायला कुत्र्यांशिवाय कुणी नव्हतं. तरी खोकले नाही. संध्याकाळी परत बोळातून जाऊन समोरचं कुलूप उघडायची. अशा तीन येळवशी काढल्या.

तिसऱ्या खेपेला परसात बसून जेवत होते. भज्जी मला थोडी करता येत नाही. इतक्या डाळी, शेंगा, पालेभाज्या एकत्र शिजवायच्या, ते पातेलंभर होतंच. तेवढ्यात बोळाचं फाटक वाजलं आणि समोरच्या घरातली मास्तरीणबाई आत आली. ती कन्नड बोलणारी, नवरा कॉलेजात शिकवून निवृत्त झालेला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं म्हणून तिला घरी ठेवून बाकीचे रानात गेले होते. ती सरळ माझ्या कडीपत्त्याच्या झाडाशी गेली आणि फांदी वाकवली.

"कोण हाय?" मी म्हटलं.

"अय्यय्यो!" फांदी तिच्या हातातून सुटली. "अक्का! तुम्ही? समोर कुलूप हाय की!"

"कुलूप बघून माझा कडीपत्ता तोडायलाव व्हय?"

"दोन काड्या, अक्का. ते राहू द्या. तुम्ही शेताला कामून गेला न्हाईत? ताप हाय काय?"

ताप म्हटलं असतं तर भागलं असतं. पण खोकला दाबून दाबून मला कंटाळा आला होता.

"शेत न्हाई. इकलं."

"कधी?"

"झाली चार वर्षं."

"अन् दरसाल ती टोपली घेऊन जायलाव ते?"

"कोपऱ्यापर्यंत."

ती म्हणाली, "आम्ही बोलावलं असतं की. शेतवालीला कसं बोलवायचं म्हणून गप बसलो. तुम्हाला राग आला असता."

"आला असता," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

तिला खाली बसता येत नव्हतं. भिंतीला टेकून तिनं उभ्यानंच वाटीभर भज्जी खाल्ली आणि म्हणाली, "मीठ कमी हाय."

"कुणाला सांगू नका," मी म्हटलं.

"छे छे, अक्का. माझ्या तोंडातून जाणार न्हाई."

दिवेलागणीला गाड्या परतल्या आणि डबे यायला लागले. एक, दोन, पाच. सगळ्यांत भज्जी. प्रत्येकानं फाटकावरूनच डबा दिला आणि म्हटलं, "पुढच्या साली आमच्यासंगं यायचं हं." आत कुणी आलं नाही. दमून आले होते, येणार तरी कसे. मी तीन दिवस भज्जी खाल्ली.

त्या थंडीनंतर हुरड्याचं कुणी विचारलं नाही. विचारणार कसे? शेतवाल्या अक्काही हळूहळू गेल्या. आता मला आजी म्हणतात, जसं कुठल्याही म्हातारीला म्हणतात.

यंदा येळवशीला मी पहाटेच उठून आंबील केली, चरवी भरली, धुतलेलं लुगडं नेसले आणि पायरीवर बसले. पाच घरांनी बोलावलं होतं. एकेक गाडी निघाली. काचेतून हात हलवत होते. मीही हलवला. मास्तरीणबाई आता चालती झाली होती. तिच्या मुलानं गाडी हळू केली, तिनं काच खाली घेतली.

"आजी, कुणाच्या गाडीत जायलाव?"

म्हणजे प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा कुणी मला नेतोय. तिच्या मांडीवर नातू होता, मागं चौघं दाटीनं बसलेले.

"येतीय गाडी," मी म्हटलं.

गल्ली रिकामी झाली. सवयीनं मी कुलूप काढलं, दाराला घातलं, चरवी उचलली आणि कोपऱ्यापर्यंत गेले. बोळाकडं वळायचं होतं. आत जाऊन काय करायचं, हे तीन वर्षं करून पाहिलं होतं. समोरून जनवाड्याकडं जाणारी रिक्षा आली. तिला हात केला.

मोरीजवळ उतरले. आमच्या रानात आता दोन घरं उभी आहेत. पलीकडं खोप होती, पंधरावीस माणसं होती. हाक आलीच, "ओ मावशी, या की!"

मी गेले. एका बाईनं पोतं अंथरलं. पुढ्यात पत्रावळ ठेवली. तिनं विचारलंच, "तुमचं रान कुठं, मावशी?"

"हितंच होतं. आता न्हाई."

"मग बसा की निवांत," ती म्हणाली आणि उंडा वाढला.

एवढंच झालं. चार वर्षं मी या प्रश्नाला भ्याले होते. त्यांच्या पोरांनी माझी आंबील संपवली. कुणी मला नाव विचारलं नाही, मीही त्यांना विचारलं नाही. ते आपसात त्यांच्या घरातलं बोलत होते, मला त्यातलं काही कळत नव्हतं. भज्जीत मीठ बरोबर होतं. निघताना त्या बाईनं रिकामी चरवी त्यांच्या आंबिलीनं भरून दिली.

संध्याकाळी मी कुलूप उघडत होते. मास्तरीणबाई गाडीतून उतरत होती. चरवीकडं बघून म्हणाली, "कुणाच्या शेताला गेला होता, आजी?"

"ओळखीचे न्हाईत."

"असं कसं?" ती हसली. "सांगायचं नसंल तर राहू द्या."