संस्था आहे, मी जाऊन आले

भावाचा फोन आला तेव्हा मी शेवटचं पान छपाईला सोडून निघत होते. चंदीगडच्या एका इंग्रजी दैनिकात मी उपसंपादक आहे. नवरा इथल्या विद्यापीठात शिकवतो, त्याच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो. भाऊ परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षक आहे. त्याच्या मुलीची बी.एस्सी. झाली होती आणि तिला विमानतळावर नोकरी करायची होती. मोबाइलवर तिने एक जाहिरात पाहिली होती: सहा महिन्यांचं प्रशिक्षण, शंभर टक्के नोकरी, सेक्टर ३४, चंदीगड.

"असे क्लास पुण्यातही असतात," मी म्हणाले.

"पुण्यात तू नाहीस ना," भाऊ म्हणाला. "हे बघ, मी तिला एक वर्ष दिलंय. वर्षात नोकरी लागली तर तिचं ती बघेल. नाही लागली तर पुढच्या उन्हाळ्यात लग्न. तिनं कबूल केलंय. तू पेपरातली माणूस. एकदा जाऊन बघ अन् कळव."

दुसऱ्या दिवशी ड्यूटीच्या आधी मी गेले. वर जाणाऱ्या जिन्यात दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या कोचिंग क्लासच्या पाट्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर ही संस्था. बसायच्या खोलीत विमानातल्या दोन खऱ्या खुर्च्या पट्ट्यांसकट मांडल्या होत्या. भिंतीवर गणवेशातल्या मुलींचे फोटो होते आणि प्रत्येकीखाली 'सिलेक्टेड' असं लिहिलेलं होतं. कोट घातलेल्या एका तरुण समुपदेशकाने मला नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवलं. शंभर टक्के म्हणजे काय, असं मी विचारलं.

"मॅम, जो बच्ची मेहनत करती है, उसकी पक्की है जी. आज तक कोई घर नहीं बैठी."

मी फोटोंतल्या तीन मुलींचे नंबर मागितले. त्याने लगेच दिले. खाली पार्किंगमध्ये उभं राहून मी तिघींना फोन केला. तिघींनी उचलला. एक हॉटेलात होती, एक दवाखान्याच्या रिसेप्शनवर, एक विमानतळावर. तिसरीच्या मागे उद्घोषणा ऐकू येत होती. संस्थेमुळेच झालं सगळं, असं तिघी म्हणाल्या. विमानतळावरच्या मुलीला मी विचारलं नाही की तिथे ती नेमकं कोणाकडे आणि काय काम करते. हा प्रश्न न विचारता एखादा नवा बातमीदार परत आला असता तर मी त्याला पुन्हा पाठवलं असतं. मला ऑफिसला उशीर होत होता.

शंका आली नाही असं नाही. चालू वर्ग दाखवा म्हटल्यावर समुपदेशकाने विषय बदलला होता. तिघींची उत्तरं जवळजवळ एकाच शब्दांत आली होती. पण ही माझी मतं होती. आमच्या टेबलावर बातमीदाराने 'संशयास्पद' लिहिलं तर 'कोण म्हणतं?' असं विचारून मी तो शब्द काढते. म्हणून भावाला मी लिहिलं: "संस्था आहे. नोंदणी पाहिली. तीन मुलींशी बोलले, तिघी नोकरीत आहेत. मी जाऊन आले."

यातलं एकही वाक्य चूक नव्हतं. पण आमच्याकडे मुलीसाठी स्थळ बघताना घरातलं एक मोठं माणूस आधी जाऊन येतं. ते 'जाऊन आलो' म्हणालं की चौकशी संपते, पुढे कोणी काही विचारत नाही. भाऊ माझा निरोप तसाच वाचणार हे मला माहीत होतं.

जूनमध्ये ती आली आणि आमच्याकडे राहू लागली. पहिले सहा महिने बरे गेले. एकही केस सुटणार नाही असा अंबाडा, टाचांच्या बुटात चालणं, दात किती दिसावेत एवढं हसणं, हे सगळं ती मन लावून शिकत होती. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना ती उद्घोषणांचा सराव करायची.

"मॅडम, खिडकीजवळची सीट मिळेल का?" नवरा विचारायचा.

"सात किलोच्या वर सामान चालत नाही, काका. पोट त्यात धरायचं का, ते उद्या विचारून सांगते."

डिसेंबरमध्ये प्रमाणपत्र मिळालं आणि वर्ग संपले. त्यानंतर तिने प्रवेशाच्या वेळी सही केलेला अर्ज मी पहिल्यांदा वाचला. चौथ्या पानावर लिहिलं होतं की संस्था उमेदवाराला तीन मुलाखती मिळवून देईल आणि तिथे संस्थेची जबाबदारी संपेल. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. हा कागद सहा महिने माझ्या घरातल्या कपाटात होता.

पहिली मुलाखत एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाली. विमान कंपनीने खुली भरती ठेवली होती. संस्थेत न शिकलेल्या मुलीही तितक्याच सहज आत जात होत्या. छातीवर नंबर चिकटवला, उंची मोजली, दोन प्रश्न विचारले आणि फोन करू म्हणून सांगितलं. फोन आला नाही.

दुसरी मोहालीला, विमानतळाजवळच्या एयरोसिटीत. ती पहाटे उठून तयार झाली होती. पत्ता निघाला घरं आणि प्लॉट विकणाऱ्या एका दलालाच्या ऑफिसचा. रोज हाच गणवेश घालून बसशील का, एवढंच त्याने विचारलं. ती नाही म्हणून परत आली.

"तिथून विमानं दिसायलीत, आत्या," जेवताना ती म्हणाली. "एकदम खालून जातात."

तिसरी मुल्लानपूरला. तिथे शेतांमध्ये नवी वसाहत उभी राहत होती. नमुन्याचं घर बघायला येणाऱ्यांना दारात हात जोडायचे आणि पाणी द्यायचं, असं काम. हे नाकारलंस तर तिन्ही संधी संपल्या असं लिहून घेऊ, असं संस्थेने सांगितलं. भावाने दिलेल्या वर्षातले पाच महिने उरले होते. तिने हो म्हटलं आणि गावी कळवलं की विमानतळावर लागली.

मला ते भावाकडून कळलं. "तू बोलली नाहीस," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका मोकळा मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. मी म्हणाले, तिनेच सांगावं म्हणून थांबले होते.

फेब्रुवारीत सुट्टीच्या दिवशी मी मुल्लानपूरला गेले. एका बाजूला गहू, दुसऱ्या बाजूला क्रेन. ती निळ्या स्कर्टमध्ये, गळ्यात स्कार्फ बांधून वाऱ्यात उभी होती. एक जोडपं गाडीतून उतरलं.

"ये एयर होस्टेस क्यों खड़ी कर रखी है?" बाईने विचारलं.

"स्टाइल है जी," तिचा नवरा म्हणाला आणि त्याने ट्रेमधला ग्लास उचलला.

ती माझ्यासमोरही ट्रे घेऊन आली. "वेलकम, मॅम." मग हळूच म्हणाली, "आत्या, जास्त वेळ थांबू नकोस. सुपरवायझर बघायलाय."

मी वृत्तसंपादकाशी बोलले. नाव देऊन बोलणाऱ्या पाच मुली आण, बातमी लावतो, असं तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. मी आधीच्या तिघींना पुन्हा फोन केला आणि या वेळी पूर्ण विचारलं. विमानतळावरची मुलगी तिथल्या कॉफीच्या स्टॉलवर होती आणि ती जागा तिला मामेभावाने मिळवून दिली होती. मॅम, छापू नका, घरी माहीत नाही, असं तिने सांगितलं. बाकीच्या दोघींचंही तेच. त्यांच्याकडून आणखी काहींचे नंबर मिळाले. त्यांच्या घरीही माहीत नव्हतं. शेवटी मी भाचीला विचारलं.

"नको, आत्या," ती म्हणाली. "घरी विमानतळ सांगितलंय मी."

कोणी तक्रार करत नव्हतं, म्हणून संस्थेविरुद्ध कुठेही काही नोंद नव्हती. चौकशीला जाणाऱ्याला सगळं स्वच्छच दिसणार होतं. मलाही तसंच दिसलं होतं.

एप्रिलमध्ये त्या वसाहतीतली घरं विकली गेली आणि तिचं काम संपलं. घरी तिने सांगितलं की कंत्राट पुढे वाढवलं नाही. नवी नोकरी मिळाली नाही. भावाचा फोन आला. "गाडीत बसवून दे तिला," एवढं म्हणाला. आम्ही तिला अंबाल्याला नांदेडच्या गाडीत बसवलं.

"मी खरं सांगू का त्याला?" मी खिडकीतून विचारलं.

"आता काय सांगशील?" ती म्हणाली. "तू बघून आलीस म्हणून त्यांनी पाठवलं. त्यांना तेवढं तरी राहू दे." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

मे महिन्यात एका अनोळखी गृहस्थाचा फोन आला. ज्या मुलाशी तिचं ठरत होतं, त्याचे ते काका.

"तुमच्या भावानं नंबर दिला. पाहुण्यांत एक शब्द टाकून बघायचा असतो, म्हणून फोन. मुलगी विमानतळावर होती ना तिकडं?"

नाही म्हटलं असतं तर स्थळ मोडलं असतं, ते एक. मास्तरांच्या मुलीने घरी खोटं सांगितलं, हे संध्याकाळपर्यंत तालुकाभर झालं असतं.

"होती," मी म्हणाले.

"झालं मग. तुम्ही पेपरातल्या, तुमच्याकडून कळलं की बास." ते निवांत झाले. "आणखी एक विचारायचं होतं. आमची धाकटी बी तेच म्हणायलीय, एअरपोर्टचं. तुमच्या भाचीची ती संस्था कशी आहे? पाठवावं का?"

नको, असं मी म्हणू शकले असते. त्यांनी 'का?' असं विचारलं असतं, आणि त्याचं खरं कारण एकच होतं. ते मी आत्ताच पुसलं होतं.

"इकडे थंडी फार असते," मी म्हणाले.

"थंडीचं काय एवढं," ते हसले. "स्वेटर घेऊन देऊ."